सात नंबरची गाडी आणि नानांची झोप

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं घेतलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत. ज्यांची झोप उडाली त्यांना इथे नाना म्हणू.

नाना भुसावळचे. हयात रेल्वेत गेली. सुरुवातीची काही वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन, मग मालगाडी, शेवटी मेल-एक्सप्रेसचे लोको पायलट. घर यार्डाच्या अंगाला. भुसावळहून एक लाइन नागपूरकडे जाते, दुसरी खंडव्यावरून इटारसीकडे, त्यामुळे गाडी नाही अशी घटका इथे नसते. शंटिंगचे धक्के, हॉर्न, स्टेशनावरची अनाउन्समेंट हे सगळं उशाशी घेऊन नाना वर्षानुवर्षं बिनघोर झोपले. वर पंखा असतोच, आणि होळी झाली की खिडकीत कूलर बसतो तो मिरग येईपर्यंत हलत नाही.

मुलगी न्यूयॉर्कला. तिच्या बाळंतपणासाठी नाना आणि वहिनी ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी गेले. जाण्याआधी माझ्या दवाखान्यात आले होते. बीपी आटोक्यात, साखर काठावर, प्रोस्टेट वाढलेलं, त्याची रोज रात्री एक गोळी. पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या मानाने तब्येत ठणठणीत.

मुलीचा फ्लॅट क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर. वस्ती आपल्या माणसांना मानवणारी: ७४व्या रस्त्यावर किराणा, मिठाई, साड्या सगळं मिळतं. पण त्या वस्तीच्या दक्षिण कडेने रूझवेल्ट ॲव्हेन्यू जातो आणि त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांच्या सांगाड्यावरून, सात नंबरची मेट्रो धावते. हा सांगाडा १९१७ पासून उभा आहे. मुंबईची लोकल रात्री दोन-तीन तास तरी बंद असते. न्यूयॉर्कची मेट्रो रात्रभर चालते, मध्यरात्रीनंतरही साधारण वीस मिनिटांना एक गाडी. उत्तरेला लाग्वार्डिया विमानतळ. जवळच मोठं रुग्णालय, म्हणजे सायरन. दुकानांचा कचरा उचलणाऱ्या खासगी गाड्या रात्री दोन-तीनला येतात आणि जागेवरच कचरा दाबतात. नाना-वहिनींना दिलेली खोली नेमकी ॲव्हेन्यूच्या बाजूची.

अडचण

पहिला आठवडा झोपेचं खोबरं झालं, ते सगळ्यांनी जेट लॅगच्या खात्यात टाकलं. ते चुकीचंही नव्हतं. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा नानांच्या शरीराच्या घड्याळात भुसावळची सकाळची साडेसात झालेली असते. पण तिसरा आठवडा संपत आला तरी रात्री दोन-अडीच तासांपलीकडे झोप नाही म्हटल्यावर मुलीने मला व्हिडिओ कॉल लावला. नाना पडद्यावर आले ते डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोळ्याले डोळा लागत नही."

मी विचारलं, रात्री जागेपणी काय करता? उत्तर ऐकून मला निम्मं प्रकरण कळलं. नाना गाड्या तपासत होते. अकरा डबे असतात, हे त्यांनी अंधारात पडल्या पडल्या सांध्यांच्या आवाजावरून मोजून काढलं होतं. (बरोबर आहे, त्या लाइनला अकरा डब्यांचीच गाडी असते.) एका गाडीच्या चाकाला फ्लॅट आहे, म्हणजे चाक एका जागी घासून सपाट झालंय, ती अमुक वेळाने परत येते. स्टेशनात शिरताना एक जण ब्रेक उशिरा लावतो. ज्या गाडीशी यांचा काडीचा संबंध नाही तिची ड्यूटी हे अंथरुणातून करत होते.

आणि त्याच खोलीत वहिनी? वहिनींना एकही गाडी ऐकू येत नव्हती. मात्र भिंतीपलीकडच्या खोलीत बाळ नुसतं कुरकुरलं की त्या उठून बसायच्या. मुलगी जागी व्हायच्या आत. बाळ टाहो फोडून रडलं तरी नाना त्या आवाजाने उठल्याची नोंद नाही.

एकाच पलंगावरची दोन माणसं, आवाज तेच. झोपेत कान बंद होत नाहीत. आलेला आवाज मेंदू चाळतो आणि आपल्या कामाचा तेवढाच पुढे पाठवतो. झोपलेल्या माणसाला इतरांच्या नावापेक्षा स्वतःच्या नावाने लवकर जाग येते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. रनिंग स्टाफचा, म्हणजे गाडीवर ड्यूटी करणाऱ्यांचा, कान तर नोकरीने घडवलेला असतो. नानांच्या उमेदीच्या काळात ड्यूटीच्या आधी कॉल बॉय वही घेऊन दारात यायचा, आणि नाना सांगतात की तो कडी वाजवायच्या आत, त्याच्या सायकलच्या आवाजानेच ते उठून बसलेले असायचे. भुसावळच्या यार्डातला प्रत्येक आवाज या कानाने कधीचाच तपासून बाजूला ठेवला होता. न्यूयॉर्कची गाडी अजून तपासणीत होती.

नव्या जागेचा भाग वेगळा. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध झोपतो. नानांचा मामला पहिल्या रात्रीपुरता राहिला नाही, लांबला. का लांबला, याची कारणं घरातच होती.

एक म्हणजे दुपारची झोप. जेवण झालं की नाना नातवाला कुशीत घेऊन पडदे ओढून आडवे व्हायचे आणि दीडला झोपलेले साडेचार-पाचला उठायचे. शरीराच्या घड्याळात तेव्हा भुसावळची रात्र. बाळही झोपतंय, आजोबाही झोपताहेत, मुलीला उसंत मिळते, म्हणून कोणी उठवत नव्हतं.

दुसरं कारण मला पडद्यावर खोली फिरवून दाखवायला सांगितल्यावर दिसलं. छताला पंखा नाही. तिथल्या जुन्या इमारतींत बहुधा नसतोच. भुसावळला नानांच्या डोक्यावर रात्रभर घरघर असते, तिच्यात यार्डाचा आवाज बुडून जातो. इथे दोन गाड्यांच्या मधली वीस मिनिटं खोली चिडीचूप, आणि त्या शांततेत गाडी अंगावर आल्यासारखी येत होती. जावयाने फोनवरच्या ॲपने मोजलं. त्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही, पण फरक बोलका होता: गाडी नसताना तीस-पस्तीस डेसिबल, गाडी आली की साठच्या आसपास. जावई आकडेवाला माणूस. त्याने लगेच कळवलं की जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस रेल्वेच्या आवाजासाठी रात्री ४४ डेसिबलची आहे. हो, आणि आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ आहे. पण ही दोन्ही सरासरीची मापं आहेत. झोप सरासरीने मोडत नाही, अचानक चढणाऱ्या आवाजाने मोडते.

तिसरं कारण म्हणजे घरातलाच एक आवाज. ऑक्टोबर लागला की न्यूयॉर्कमध्ये घरमालकांनी घर तापवायचं असा कायदा आहे. रात्री आत किमान ६२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७ सेल्सिअस, ठेवावं लागतं. जुन्या इमारतींत तळघरातला बॉयलर वाफ वर पाठवतो आणि खोलीतला लोखंडी रेडिएटर तापतो. यांच्या खोलीतला रेडिएटर तापताना घणाचे घाव घातल्यासारखा वाजायचा. पहाटे चारला.

पर्याय

मी बोलायच्या आधीच घरात चार मतं तयार होती.

वहिनींचं मत सरळ: तिकीट बदला, नानांना परत पाठवा, मी एकटी राहते. नाना आतून तयार होते, पण बाळाचं बारसं व्हायचं होतं आणि लेकीला वाटलं असतं की आपल्या घरात वडिलांची सोय झाली नाही. त्यामुळे ते तोंडाने नाही म्हणत होते. जावयाचे चुलतभाऊ न्यू जर्सीत एडिसनला, शांत वस्तीत राहतात. नानांनी तिकडे राहावं आणि शनिवार-रविवार इकडे यावं, हा दुसरा पर्याय. नातवासाठी सातासमुद्रापार आलेल्या माणसाला आठवड्यातले पाच दिवस परक्या घरी बसवायचं, हे मला पटलं नाही. झोप लागली असती, माणूस कुढला असता.

जावयाला तक्रार करायची होती. न्यूयॉर्कमध्ये ३११ हा नंबर आहे, रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी तिथे जातात. शेजारच्या मोठ्या गाण्यांवर त्याचा उपयोग आहे. वेळापत्रकाने धावणाऱ्या मेट्रोची तक्रार करून काय होणार. तो विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय गोळी. यावर कोणी चर्चा केलीच नाही, तो परस्पर अंमलात आला.

गोळीचं काय झालं

मला फोन येण्याच्या आदल्या दोन रात्री जावयाने औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी आणून दिली होती. भावना चांगली होती. तिथल्या अशा बऱ्याच गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असतं, म्हणजे आपल्याकडे सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या औषधांत असतं ते. त्याने गुंगी येते. पण म्हाताऱ्या माणसाला त्याने गोंधळल्यासारखं होतं, तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते. हे पाकिटावर छापलेलं असतं. कोणी वाचलं नाही, आणि नानांच्या प्रोस्टेटच्या गोळीबद्दल जावयाला माहीतच नव्हतं. सासऱ्याने जावयाला असलं काही सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या रात्री नाना पाच तास झोपले. सकाळी लघवीला बसले तर थेंब थेंब. दुपारपर्यंत ओटीपोट दुखायला लागलं. मला फोन आला तो झोपेसाठी, ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला बाहेर आली, तीही वहिनींच्या तोंडून.

इथे मी झोपेचा विषय बाजूला ठेवला. गोळी आत्ता बंद. संध्याकाळपर्यंत लघवी मोकळी झाली नाही, किंवा त्याआधी पोट फुगून कळ वाढली, तर इमर्जन्सीत जायचं. इन्शुरन्स जुन्या आजाराला पैसे देईल का, हा हिशोब नंतर. हजारो मैलांवरून मी तिथलं औषध लिहून देऊ शकत नाही आणि देऊही नये. पण काय थांबवायचं आणि कधी दवाखाना गाठायचा एवढं सांगता येतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास लघवी सुटली. वहिनींच्या पर्समध्ये भुसावळहून नेलेली अल्प्राझोलमची, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची, पट्टीही निघाली, त्यांना कधीकाळी दिलेली. तीही कपाटात बंद करायला लावली. रात्री अंधारात, अनोळखी घरात, गुंगीत बाथरूमकडे जाणारा म्हातारा माणूस पडला तर खुब्याचं हाड जातं.

प्रत्यक्ष काय केलं

पहिल्यांदा वहिनींना वही घालायला सांगितली. नानांना कधी जाग आली आणि उठल्यावर पहिली गोष्ट काय केली, एवढंच. दोन-चार दिवसांत गंमत दिसली. नाना म्हणत होते प्रत्येक वेळी गाडीने उठवलं. वहीत मात्र बऱ्याच वेळा उठल्या उठल्या बाथरूम. म्हणजे उठवत होतं मूत्राशय, आणि जाग आल्यावर कानावर पडणारी पहिली गोष्ट गाडी, म्हणून नाव गाडीचं. रात्री साडेनऊचा चहा बंद केला, पाणी संध्याकाळीच पिऊन घ्यायचं ठरलं. घोरताना श्वास अडकतो का हेही वहिनींना पाहायला सांगितलं होतं. तसं काही दिसलं नाही.

दुपारच्या झोपेवर थोडी वादावादी झाली. मी सांगितलं, ज्या वेळी डोळे मिटतात नेमक्या त्याच वेळी बाहेर पडा. पूर्वेकडून पश्चिमेला गेलेल्या माणसाचं घड्याळ मागे ढकलायचं असतं, आणि त्याला दुपारचा उजेड मदत करतो. नाना बाबागाडी घेऊन ७४व्या रस्त्यापर्यंत जायला लागले. लेकीची उसंत शाबूत राहिली.

खोलीत सगळ्यात मोठा फरक खिडकीने पाडला. उन्हाळ्यातला एसी खिडकीत तसाच होता. तो काच अर्धी वर करून बसवतात आणि दोन्ही बाजूंच्या फटी प्लॅस्टिकच्या घडीच्या पट्ट्यांनी झाकतात. त्यातून वारा येतो तसा आवाजही सरळ येतो. इमारतीच्या देखभालीचा माणूस असतो, त्याला सुपर म्हणतात. त्याला बोलावून एसी काढला, काच खाली आणून लॉक केली, कडेच्या फटींना फोमची टेप लावली. कचऱ्याच्या गाडीचा आवाज त्या रात्रीपासून निम्म्यावर आला.

गाडीची धडधड तेवढ्याने जात नाही. ती जमिनीतून, पलंगाच्या पायांतून येते. पलंगाचं डोकं ॲव्हेन्यूच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला टेकलेलं. मी म्हटलं, फिरवून उलटं करा. वहिनी म्हणाल्या, "उत्तरेला डोकं? न्यूयॉर्क असो नाहीतर काही असो, जित्या माणसाचं डोकं उत्तरेला नाही." मी वाद घातला नाही. पूर्वेला डोकं करून पलंग भिंतीपासून हातभर सरकवला.

कानात घालायचे फोमचे बोळे आणले होते. ते बहुतेक लोक नुसते कानात टेकवतात. बोटांनी लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट दाबून धरायचे. नानांनी शिकून व्यवस्थित घातले आणि दहा मिनिटांत काढून टाकले. बाहेरचा आवाज गेल्यावर कानातलीच शिट्टी ऐकू यायला लागली. इंजिनात उमर काढलेल्या माणसाच्या कानात अशी शिट्टी असणं नवल नाही. बाहेर शांतता झाली की ती वर येते. बोळे वहिनींनाही नकोत, त्यांना बाळ ऐकायचं होतं. ते पाकीट शेवटी जावयाच्या कामी आलं.

मग पंखा. वीस-पंचवीस डॉलरचा चौकोनी पंखा, भिंतीकडे तोंड करून, मधल्या वेगावर, रात्रभर. थंडी सुरू झालेली, त्यामुळे वारा अंगावर नको होता, घरघर हवी होती. फोनवर पावसाचे आवाज लावावेत असं मुलीचं म्हणणं. नानांनी एक रात्र ऐकलं आणि म्हणाले, गच्चीवर वाळत घातलेलं आठवत राहतं. पंख्याने खोलीचा तळातला आवाज वर आला आणि गाडीची उडी तेवढीच लहान झाली. नानांच्या कानातली शिट्टीही पंख्याच्या घरघरीत बुडाली.

रेडिएटरचं मात्र नानांनी स्वतः केलं. मुलीने त्याचा व्हिडिओ पाठवलाय. नाना गुडघ्यावर बसलेत, पेल्यात पाणी घेऊन तो रेडिएटरच्या अंगावर ठेवून ढाळ बघताहेत. एका नळीच्या वाफेच्या रेडिएटरमध्ये वाफ ज्या नळीतून येते तिच्यातूनच थंड झालेलं पाणी परत जावं लागतं, म्हणून त्याचा ढाळ व्हॉल्व्हकडे हवा. यांचा ढाळ उलटा होता. आत पाणी साचायचं, त्याला वाफ भिडायची आणि हातोडा बसायचा. शिवाय व्हॉल्व्ह कोणीतरी अर्धवट बंद केलेला. तो पूर्ण उघडा तरी हवा नाहीतर पूर्ण बंद. नानांनी तो गार असताना पूर्ण उघडला आणि जावयाला टोक उचलायला लावून व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूच्या पायांखाली लाकडाच्या दोन चकत्या सरकवल्या. व्हिडिओत मागून जावई विचारतोय, सुपरला नको का बोलवायला? नाना मान वर न करता म्हणतात, "वाफ मला शिकवू नका."

काय झालं

ठोके थांबले. माझं निरीक्षण असं की त्या दिवसानंतर नानांचा सूरच बदलला. त्या घरात तोवर ते पाहुणे होते, आता एक काम त्यांच्या हातून झालं होतं.

झोप एका रात्रीत आली नाही. अंथरुणावर साडेअकराच्या आधी जायचं नाही, सहाला उठायचंच, आणि पडून गाड्या मोजायला लागलो असं वाटलं की उठून स्वयंपाकघरात बसायचं, हे पाळायला त्यांना जड गेलं. दोनदा मोडलं. नोव्हेंबरच्या मध्यावर सलग चार तास, डिसेंबर लागता लागता पाच-साडेपाच. चाकाला फ्लॅट असलेली गाडी ऐकू येते का, असं मी विचारलं तर म्हणाले, बहुतेक दुरुस्त केली असेल. झोपमोड पूर्ण गेली असं नाही. शनिवारी शेजाऱ्यांचं गाणं रात्री एकपर्यंत चालायचं, त्या रात्री जागरण व्हायचंच. पण तिकीट बदलावं लागलं नाही. बारसं झालं, आणि मार्चअखेर दोघं ठरल्या तारखेला परत आले.

वेगळं काय करता आलं असतं

खोली वाटताना मुलीने आईवडिलांना मोठी खिडकी, उजेड आणि रस्ता दिसेल अशी खोली दिली. मान द्यायची आपली रीत. आतल्या बाजूची छोटी खोली दिली असती तर निम्मं रामायण टळलं असतं. म्हाताऱ्या माणसाची गाढ झोप मुळातच कमी झालेली असते. दृश्यापेक्षा भिंत महत्त्वाची.

पहिल्या आठवड्यात दुपारी उठवलं नाही, तिथे पुढचे दोन आठवडे गेले. हे लाडाने झालं आणि लाडानेच होत राहील, म्हणून आधी ठरवून जायला हवं की दुपारी कोण उठवणार. अर्धा-पाऊण तास झोपायला हरकत नाही.

गोळीचा निर्णय सगळ्यात धोक्याचा होता आणि सगळ्यात सहज घेतला गेला. रोजच्या औषधांची यादी, ती कशासाठी आहेत यासकट, जावयाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये असायला हवी. लाज वाटत असेल तर लेकीने द्यावी. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, त्याच्या गोळीबद्दलही मला विचारतात. तिथे ते पूरक आहार म्हणून दुकानात मिळतं, पण बाटलीवर लिहिलेली मात्रा आत तेवढीच असेल याची खात्री नसते. नानांना मी ते सुचवलं नाही. ज्यांना प्रोस्टेट, काचबिंदू, दमा असलं काही नाही अशा माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं, ते आपल्या डॉक्टरला विचारावं.

परदेशी जाणारे आईवडील इन्शुरन्सच्या फॉर्मसाठी येतात तेव्हा बीपी बघता बघता मी हल्ली एक प्रश्न विचारतो: रात्री उशाशी काय काय चालू असतं? पंखा, कूलर, टीव्ही, देवघरातलं जपाचं मशीन. जे असेल ते मुलांना कळवायला सांगतो. परवा वरणगावची एक बाई म्हणाली, काही नाही, फक्त यांचं घोरणं. यजमान सोबत जाणार नव्हते.

नानांना कानाची तपासणी करून घ्या म्हणून मी चिठ्ठी दिलीय. मे सरला, कूलर जोरात चालू आहे, चिठ्ठी अजून पाकिटात आहे.